पावाचा हिशेब आणि पोस्टाची तूट

व्यापारी हिशेबासाठी चालवलेला जगातला पहिला संगणक पाव आणि केक करणाऱ्या एका कंपनीने बांधला, असे सांगितले तर आपल्याकडे लोकांना ती पोदेराची थट्टा वाटेल. पण गोष्ट खरी आहे. लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीची इंग्लंडभर चहाची दुकाने होती. हॅमरस्मिथजवळ कॅडबी हॉल नावाच्या जागेत त्यांच्या भट्ट्या, कारखाने आणि कचेऱ्या होत्या. चार पैशांच्या पावावर आणि दोन पैशांच्या चहावर चालणारा हा धंदा. नफा दाण्यादाण्याने मिळायचा, त्यामुळे हिशेब चोख ठेवण्याला पर्याय नव्हता आणि त्यासाठी कारकुनांची फौज बाळगावी लागे. १९४७ मध्ये या कंपनीने आपली दोन माणसे अमेरिकेत कचेरीच्या नव्या पद्धती पाहायला पाठवली. तिथे त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक मेंदू’बद्दल ऐकले. परत आल्यावर केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स बांधत असलेल्या एडसॅक या यंत्राला लायन्सने तीन हजार पौंड दिले, वर एक माणूसही दिला. त्याच नमुन्यावर मग स्वतःचा संगणक उभा केला. त्याचे नाव लिओ, म्हणजे लायन्सचे इलेक्ट्रॉनिक ऑफिस.

सुमारे ६ हजार व्हॉल्व्ह, स्मृती साठवायला पाऱ्याने भरलेल्या लांबलचक नळ्या, आणि एका मोठ्या दालनाइतका पसारा. १९५१ च्या नोव्हेंबरअखेर या यंत्राने पहिले नेमाचे काम केले ते बेकरीच्या मालाचे मूल्यांकन. आठवडाभरात किती पाव, किती केक, किती पाय तयार झाले आणि त्यांची किंमत काय, एवढेच. पुढे पगारपत्रके आली. अनुभवी कारकुनाला एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करायला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद.

या गोष्टीतला मला आवडणारा भाग मात्र वेगाचा नाही, अविश्वासाचा आहे. लिओ बांधणारे जॉन पिंकर्टन आणि त्याच्यासाठी कामाची आखणी करणारे डेव्हिड कॅमिनर या दोघांचाही आपल्या यंत्रावर फारसा विश्वास नव्हता. व्हॉल्व्ह केव्हाही जायचे, आणि जाताना सांगून जात नसत. म्हणून पिंकर्टन मुद्दाम विजेचा दाब कमीजास्त करून यंत्राला छळायचे. जो व्हॉल्व्ह उद्या मरणार आहे तो आजच मरावा, हिशेबाच्या मध्ये नको! कॅमिनर तर जुन्या वळणाचे कचेरीतले गृहस्थ. जागोजाग बेरजा जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा त्यांचा दंडक. पगाराचे काम यंत्राकडे गेल्यावरही काही काळ कारकून तेच काम हाताने करत होते, दोन्ही उत्तरे ताडून पाहण्यासाठी. आपल्याकडच्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजीला हे लगेच समजले असते. रोजकीर्द लिहिली, खतावणी केली, संध्याकाळी रोजमेळ घातला आणि गल्ल्यातली रोकड वहीतल्या शिलकेशी जुळली नाही, तर घरी जायचे नाही. पण आधी वही तपासायची, मग गल्ला, आणि नोकराकडे संशयाने पाहायचे ते सर्वांत शेवटी. चांगल्या पेढीवर तरी हाच क्रम असे.

लिओची वंशावळ पुढे मोठी झाली. १९५४ मध्ये लिओ कॉम्प्युटर्स ही वेगळी कंपनी निघाली, १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये मिसळली, आणि १९६८ मध्ये सरकारच्या पुढाकाराने तिथल्या संगणक कंपन्यांची मोट बांधून आयसीएल झाली. आयसीएल हे नाव आपल्याकडच्या जुन्या संगणकवाल्यांना परके नाही, पुण्यातल्या आयसीआयएमचे धागे तिथलेच. १९९० मध्ये जपानच्या फुजित्सूने आयसीएलचा ८० टक्के हिस्सा घेतला आणि २००२ मध्ये आयसीएल हे नावही पुसले. या वंशातल्या लिओ-३ या यंत्राचे एक मोठे गिऱ्हाईक होते ब्रिटिश पोस्ट खाते. टेलिफोनची बिले काढायला त्यांनी ती यंत्रे घेतली आणि १९८१ पर्यंत वापरली. म्हणजे पोस्ट आणि हे घराणे यांचा शेजार जुनाच.

एवढी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण, पुढे याच घराण्यात होरायझन जन्माला आले.

नव्वदीच्या दशकात ब्रिटनमध्ये पेन्शन आणि सरकारी भत्ते पोस्टाच्या खिडकीवर मिळत. त्यात फसवाफसवी फार, म्हणून १९९६ मध्ये एक चुंबकीय कार्ड आणि त्याबरोबर सगळ्या पोस्टांत संगणक आणण्याचे कंत्राट आयसीएलच्या पाथवे नावाच्या कंपनीला मिळाले. काम रखडत गेले. १९९९ मध्ये सरकारने कार्डाची कल्पनाच सोडून दिली आणि उरलेले अर्धे, म्हणजे पोस्टाच्या खिडक्यांवरचा संगणकी हिशेब, तेवढे पुढे चालू ठेवले. तेच होरायझन. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत हजारो पोस्टांत ते बसवले गेले.

आतल्या मालाची अवस्था कशी होती, ते १९९८ मध्ये कंपनीच्याच एका चमूने लिहून ठेवले होते. तो अहवाल पुढे सार्वजनिक चौकशीत बाहेर आला. त्यातला एक नमुना मी कितीदा तरी पाहिला असेल. एखाद्या आकड्याचे चिन्ह उलटे करायचे आहे, म्हणजे जमेची रक्कम नावे टाकायची किंवा नावेची जमा. आकड्याच्या मागे उणे लावले की काम झाले, हे शाळेतला मुलगाही सांगेल. होरायझनमध्ये त्यासाठी लिहिलेली आज्ञा अशी होती: आकडा शून्यापेक्षा लहान असेल तर त्याचे उणे काढून टाका, नसेल तर त्याची दुप्पट करा आणि ती दुप्पट त्याच आकड्यातून वजा करा. पाचाचे उणे पाच करायला पाचातून दहा वजा! उत्तर बरोबरच येते. पण असा द्राविडी प्राणायाम करणाऱ्याने बाकीच्या ठिकाणी काय केले असेल, हा प्रश्न ती आज्ञा वाचणाऱ्यांना पडला होता. अहवालाने लिहिणाऱ्याच्या गणितज्ञानाबद्दल फार कडक शब्द वापरले आहेत. माल तरीही पुढे गेला.

आता पोस्टमास्तरांची बाजू. ब्रिटनमधली बहुतेक लहान पोस्ट ऑफिसे सरकारी नोकर चालवत नाहीत. सब-पोस्टमास्तर हा कंत्राटदार असतो. दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी आणि बाकीच्या भागात वर्तमानपत्रे, दूध, किराणा. आपल्या खेडोपाड्यांतला शाखा डाकपाल काहीसा याच जातीचा, पोटापाण्याचा दुसरा धंदा सांभाळून पोस्ट चालवणारा. तिथे मात्र पोस्ट चालवण्याचा हक्क मिळवायला लोक घरदार गहाण टाकून पैसे घालत. अशा खिडक्यांमागे भारतीय वंशाचे लोक पुष्कळ, त्यात गुजराती आणि पंजाबी जास्त. गोमंतकीय त्या मानाने कमी, पण स्विंडनसारख्या गावात गेलेली आपली माणसे गावाकडे पैसे पाठवायला किंवा पासपोर्टचे कागद टाकायला याच खिडक्यांवर उभी राहिलेली आहेत.

कंत्राटात एक कलम होते. निष्काळजीपणाने किंवा चुकीने तूट आली तर सब-पोस्टमास्तराने ती भरायची. कागदी वह्यांच्या काळात हे कलम फारसे बोचत नसे, कारण तूट आली तर माणूस स्वतःच्या वह्या उघडून चूक शोधू शकत होता. होरायझन आल्यावर वही त्याच्या हातातून गेली. त्याला दिसायचा पडदा आणि शेवटी छापून येणारी शिल्लक. मधली वाट त्याला बंद. आणि २००५ मध्ये आणखी एक दार बंद झाले. तोपर्यंत न सुटलेली तूट उचंत खात्यात टाकून ठेवता येत असे. आमचे जुने हिशेबनीस करायचे तसेच, कोडे सुटेपर्यंत रक्कम बाजूला. ती सोय काढून घेतली. आता महिना संपला की एकतर खिशातून पैसे भरा, नाहीतर नंतर भरीन म्हणून कबूल करा, आणि हिशेब बरोबर आहे असे जाहीर करा. जाहीर केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी खिडकी उघडता येत नव्हती. ज्याने तूट लपवून ‘बरोबर’ म्हटले, तो खोट्या हिशेबाचा गुन्हेगार. हा सापळा कोणी ठरवून लावला असे मी म्हणत नाही. पण सापळा म्हणूनच त्याने काम केले.

आणि त्या तुटी यायच्या कुठून? हे मूळ कोडे.

स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनचे उदाहरण घ्या, कारण ते साध्या माणसालाही समजते. ऑक्टोबर २०१५. तिथली पोस्टमास्तरीण जवळच्या खेड्यात एक फिरती खिडकीही चालवायची. मुख्य पोस्टातून निघालेले ८ हजार पौंडांचे पाकीट तिने त्या खिडकीवर नेले आणि ‘पोचले’ अशी नोंद करायला कळ दाबली. पडदा हलला नाही. कोणीही करील तेच तिने केले, पुन्हा दाबली. आणखी एकदा, आणखी एकदा. दर वेळी आत एक नवी नोंद होत होती. पाकीट एकच, पण वहीत ३२ हजार पौंड जमा! गल्ल्यात ८ हजार. म्हणजे २४ हजारांची तूट, आणि ती भरायची जबाबदारी तिची. तिने आरडाओरडा केला, तिच्या संघटनेने पाठपुरावा केला, तेव्हा फुजित्सूने मागचे शोधून पाहिले. हा दोष २०१० पासून आत होता आणि असा प्रकार ११२ वेळा घडला होता.

दुसरे नाव फॉल्कर्कच्या कॅलेंडर स्क्वेअरचे. तिथे एका खिडकीवर झालेला व्यवहार शेजारच्या खिडकीला दिसतच नव्हता. जुन्या होरायझनमध्ये प्रत्येक खिडकीचा संगणक आपली प्रत ठेवायचा आणि सगळ्या प्रती एकमेकींशी जुळवून घ्यायच्या. जुळवताना एक प्रत कुलूपबंद व्हायची आणि काम झाल्यावर कुलूप निघायचे. कधीकधी ते निघतच नसे. मग एकाच रकमेचे हस्तांतर दोनदा स्वीकारले जाई. हा दोष २००० पासून माहीत होता, दुरुस्ती झाली २००६ मध्ये. मधल्या सहा वर्षांत ज्यांच्या खिडकीवर कुलूप अडकले त्यांचे काय? मदतीच्या फोनवर अनेकांना एकच उत्तर मिळे, असे तुमच्याकडेच होते, दुसरीकडे कुठे नाही. फुजित्सूकडे तर माहीत असलेल्या दोषांची एक वहीच होती. ‘माहीत असलेल्या चुकांची नोंद’ असेच तिचे नाव.

अशा दोषांना बग म्हणतात. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्रात खराच पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. (शब्द मात्र त्याहून जुना आहे, एडिसननेही तो वापरलेला होता.) पतंगाची गोष्ट मला नेहमी भाग्यवंतांची वाटते. दोष चिमट्यात धरता आला, दाखवता आला! होरायझनमधला पतंग दाखवायचा तर आत शिरावे लागणार, आणि आत शिरायची परवानगी फक्त ज्यांच्यावर संशय घ्यायचा त्यांनाच.

हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो या लहानशा गावच्या जो हॅमिल्टन यांनी दोन हजारांच्या तुटीसाठी मदतीचा फोन केला, सांगितल्या तशा कळा दाबल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट चार हजारांची झाली. पुढे ती ३६ हजारांवर गेली. घर गहाण पडले. चोरीचा आरोप मागे घेण्याच्या मोबदल्यात त्यांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. गावातल्या लोकांनी वर्गणी काढली आणि शिक्षेच्या दिवशी कोर्टात गर्दी केली. त्या गावाला निदान आपल्या बाईची पारख होती. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी कबुली दिली नाही, ते दिवाणी कोर्टात उभे राहिले. वकील परवडला नाही म्हणून स्वतःच. वाद होता सुमारे २५ हजार पौंडांचा. २००७ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च त्यांच्यावर बसवला गेला. दिवाळे निघाले.

सीमा मिश्रा यांची गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. भारतातून गेलेल्या या बाईंनी २००५ मध्ये सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटचे पोस्ट घेतले. तूट येऊ लागली, त्या नातेवाइकांकडून उसने घेऊन भरू लागल्या, आधी नोकरांवर संशय घेतला. जानेवारी २००८ मध्ये त्यांना दूर केले गेले आणि सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीचा खटला भरला गेला. ऑक्टोबर २०१० मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले. ११ नोव्हेंबरला १५ महिन्यांची शिक्षा झाली, तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. चार महिन्यांनी सुटल्या, पण पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधलेला. पट्टा असतानाच बाळंतपण झाले.

नेमक्या त्याच सुमारास, २०१० च्या उत्तरार्धात, नव्या होरायझनमध्ये सापडलेल्या एका दोषावर पोस्टाचे आणि फुजित्सूचे लोक बसून बोलत होते. महिनाअखेरीच्या एका टप्प्यावर ‘रद्द’ची कळ दाबली की तूट खिडकीवरच्या पडद्यावरून नाहीशी व्हायची, मागच्या वहीत मात्र तशीच राहायची. ६२ पोस्टांना हा दोष लागला होता. त्या बैठकीच्या टिपणात, हे बाहेर आले तर चालू खटल्यांवर परिणाम होईल, अशी काळजी नोंदलेली आहे. मिश्राबाईंची तूट जुन्या होरायझनमधली, तेव्हा हाच दोष त्यांना बाधला असे नाही. पण यंत्र चुकते हे ज्यांना माहीत होते, त्यांच्याच बाजूने कोर्टात यंत्राचा हवाला दिला जात होता. शिक्षा झाल्यावर पोस्टाच्या वकिलाने आत पाठवलेल्या ईमेलमध्ये समाधान व्यक्त केले, की आता होरायझनला नावे ठेवण्याची फॅशन थांबेल.

मग ब्रिटिश कोर्टांनी हे मानले कसे? तिथे वकील हुशार, न्यायाधीश स्वतंत्र, ज्यूरीची परंपरा शतकांची. याचे उत्तर एका रद्द झालेल्या कलमात आहे. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुराव्याच्या कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, असा त्याचा मतलब. वकिलांना ते जाचक वाटे. प्रत्येक कागदामागे साक्षीदार कुठून आणायचा? कायदा आयोगाने ते काढून टाकायची शिफारस केली, १९९९ मध्ये संसदेने काढले, आणि एप्रिल २००० पासून ते गेले. त्याच्या जागी जुने गृहीतक आले. घड्याळ, वेगमापक, रस्त्यावरचा सिग्नल ही यंत्रे बरोबर चालतात असे कोर्ट धरून चालते, उलट म्हणणाऱ्याने दाखवावे. संगणकही त्याच पंक्तीत बसला. ज्या महिन्यांत होरायझनच्या पेट्या पोस्टापोस्टांत उघडत होत्या, त्याच महिन्यांत संगणकाला खरे मानण्याची ही मुभा कोर्टांना मिळाली. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी केल्या. सिग्नलचा दिवा बिघडला तर चौकातल्या दहा माणसांना दिसतो. हिशेबातली नोंद चारदा झाली तर कोणाला दिसणार?

त्यात भर म्हणजे इंग्लंडमध्ये कोणीही खाजगी फौजदारी खटला भरू शकतो, आणि पोस्टाला त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पैसे त्यांचे, तपासनीस त्यांचे, फिर्यादी वकीलही त्यांचेच. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवरून ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. त्यांतले बहुसंख्य खटले पोस्टाने स्वतः चालवलेले.

इथे मला आपल्याकडची एक जुनी रीत आठवते. पोर्तुगीज अमदानीत संस्थांच्या पैशाच्या पेटीला तीन चाव्या असत आणि त्या तीन वेगळ्या माणसांकडे राहत. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडत नसे. देवस्थानांच्या माझानियांसाठी १८८६ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये जे कायदे झाले, त्यांतही खजिनदार वेगळा, चिटणीस वेगळा, मुखत्यार वेगळा. त्या कायद्यांबद्दल आपल्याकडे महाजन मंडळींत आणि बाहेर भांडणे पुष्कळ झाली, ती वेगळी गोष्ट. पण एकाच्या हातात वही, पेटी आणि न्याय तिन्ही द्यायचे नाहीत, एवढी अक्कल त्या व्यवस्थेत होती. होरायझनची चौथी चावी कोणालाच माहीत नव्हती. पोस्ट वर्षानुवर्षे सांगत राहिले की शाखेच्या हिशेबाला बाहेरून कोणी हात लावू शकत नाही. २०१५ मध्ये रिचर्ड रोल या फुजित्सूच्या माजी कर्मचाऱ्याने बीबीसीवर सांगितले की आम्ही दुरून आत शिरत होतो, पोस्टमास्तरांना पत्ता नसे. दुरून घातलेली नोंद त्या पोस्टमास्तराच्याच नावाने घालता येत होती, हेही पुढे सिद्ध झाले.

कोडे सुटले ते एका चिवट माणसामुळे. वेल्समधल्या लँडिड्नोजवळ क्रेग-इ-डॉन इथे ॲलन बेट्स पोस्ट चालवत. तूट भरणार नाही, आधी हिशेब दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे. २००३ मध्ये त्यांचे कंत्राट काढून घेतले. ‘काँप्युटर वीकली’ या साप्ताहिकाने २००९ मध्ये सात पोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या, त्याच वर्षी बेट्स यांनी फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात सगळ्यांना बोलावले. दुसरीकडे कुठे असे होत नाही, हे ज्यांना ज्यांना सांगितले होते ती माणसे तिथे एकमेकांना भेटली. पुढे ५५५ जण मिळून कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनवरचा निकाल दिला, त्यात एकेका दोषाची चिरफाड आहे. तडजोडीत जवळजवळ ५ कोटी ८० लाख पौंड मिळाले, पण खटल्याचा खर्च जाऊन वादींच्या हाती राहिले सुमारे १ कोटी २० लाख. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या, त्यांत हॅमिल्टन आणि मिश्रा होत्या. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर या विषयाची मालिका आली आणि वीस वर्षांत जे झाले नाही ते चार दिवसांत झाले, देश खवळला. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करूनच उरलेल्यांच्या शिक्षा पुसल्या. कोर्टाचे निकाल संसदेने असे घाऊक रद्द करणे चांगले की वाईट, यावर तिथले कायदेपंडित भांडले. मला त्यांची भीती समजते, पण सत्तरी उलटलेल्या माणसांना आणखी किती थांबवायचे होते? सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी आला. या प्रकरणापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी, असे त्यात म्हटले आहे.

आपल्याकडे कायदा कुठे उभा आहे, हेही पाहण्यासारखे आहे. भारतीय पुरावा कायद्यात २००० मध्ये ६५-ब हे कलम आले, त्यात संगणकी कागदाबरोबर यंत्र नीट चालत होते अशा दाखल्याची अट होती. ब्रिटनने फौजदारीत जी अट सोडली, तिच्यासारखी अट आपण त्याच वर्षी घेतली! ही अट सक्तीची आहे का, यावर कोर्टांत बराच घोळ चालला. तो मिटला एका मराठी मुलखातल्या प्रकरणाने. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रफितीवरून ठरवायचे होते आणि दाखला मिळत नव्हता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये निर्णय झाला की दाखला हवाच, मिळत नसेल तर तो देणाऱ्याला कोर्टाने बोलवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच ६३ वे कलम झाले. आता दाखल्याचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा.

मात्र दाखला म्हणजे शेवटी छापील नमुन्यावरची सही. डालमेलिंग्टनच्या त्या खिडकीसाठी असा दाखला मागितला असता तर कोणीतरी तो प्रामाणिकपणे देऊन टाकला असता, कारण यंत्र चालूच होते. बंद पडले नव्हते. एक पाकीट चारदा मोजत होते, एवढेच. ब्रिटनच्या न्याय खात्याने जानेवारी २०२५ मध्ये, २००० पासून चालत आलेल्या त्या गृहीतकाचे काय करावे यावर लोकांची मते मागवली. स्पीड कॅमेरा आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांना एकाच मापाने मोजायचे की नाही, हा त्यातला एक प्रश्न होता.